फोर्ड मॉडेल टी : हँडल मारून सुरू कशी करावी

फोर्डच्या या जुन्या गाडीत स्टिअरिंगच्या खाली दोन छोटे दांडे असतात. उजवीकडचा थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनाला किती इंधन मिळतं ते ठरवणारा; डावीकडचा स्पार्कचा, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारा. मॉडेल टीला हँडल (समोरून इंजिन हाताने फिरवायची वाकडी सळई) मारताना हात मोडतो तो बहुतेक वेळा या डाव्या दांड्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. तो वर असला की ठिणगी उशिरा पडते, खाली ओढला की लवकर. हाताने इंजिन सावकाश फिरतं. अशा वेळी ठिणगी लवकर पडली तर पिस्टन वर पोचायच्या आतच पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटतं, इंजिन उलटं फिरतं आणि हँडल मनगटावर येतं.

आधी ऑइल बघा. गेजकाडी नाही. गाडीखाली, फ्लायव्हीलच्या झाकणावर एकाखाली एक दोन तोट्या असतात. खालची उघडल्यावर ऑइल आलं पाहिजे, वरचीतून येता कामा नये. पाणी रेडिएटरच्या गळ्यापर्यंत भरलेलं हवं, कारण या गाडीला बहुधा पाण्याचा पंप नसतो. गरम पाणी आपसूक वर चढतं, थंड खाली उतरतं, आणि पातळी घसरली की हे चक्र थांबतं.

मग हँडब्रेक पूर्ण मागे ओढा. त्याने मागची चाकं धरली जातात आणि क्लचही सुटतो. लिव्हर पुढे राहिला तर गाडी टॉप गिअरमध्येच असते, म्हणजे इंजिन पेटताच ती समोर उभ्या माणसाच्या अंगावर येणार. स्पार्क पूर्ण वर, थ्रॉटल चार-पाच खाचा खाली.

स्विच बंद ठेवून पुढे या. रेडिएटरच्या खालून बाहेर आलेली चोकच्या तारेची कडी ओढून धरा आणि हँडल आत दाबून दोन-तीन वेळा पाव-पाव फेरा फिरवा. इंजिन गरम असेल तर हे करू नका. चोक जास्त झालाच, तर स्विच बंदच ठेवून थ्रॉटल पूर्ण उघडा आणि चोक न ओढता काही फेरे मारा. जास्तीचं पेट्रोल निघून जाईल.

आता स्विच बॅटरीवर. बॅटरी नसलेल्या जुन्या गाडीत मॅग्नेटोवर (इंजिन फिरलं की वीज तयार करणारं यंत्र), पण मॅग्नेटोची वीज वेगाबरोबर वाढते, म्हणून तिथे झटका जोरात हवा. समोरून पाहताना हँडल घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतं. ते सातच्या आसपास आणा, आत दाबा आणि डाव्या हातानं वर खेचा. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीत गुंडाळू नका. वरून खाली दाबायचं तर कधीच नाही. उलटा झटका बसला तर शरीराचं वजन हँडलवर असतं आणि हात सुटत नाही.

इंजिन पेटलं की लगेच स्पार्क थोडा खाली, थ्रॉटल थोडा वर, आणि स्विच मॅग्नेटोवर.

कडाक्याच्या थंडीत वेगळीच अडचण येते. क्लचच्या चकत्या इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. ऑइल घट्ट झालं की त्या सुटत नाहीत आणि हँडब्रेक मागे असूनही गाडी पुढे सरकते. यावर अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचा तोडगा असा: मागचं एक चाक जॅकवर उचलायचं, बाकीच्या चाकांना भक्कम ओट लावायचे आणि लिव्हर पुढे करून हँडल मारायचं. उचललेलं चाक मोकळं फिरतं आणि फ्लायव्हीलसारखी मदतही करतं. जॅक लेचापेचा असेल तर मात्र या भानगडीत पडू नका.

इंजिन एका सिलिंडरवर अडखळत असेल तर डॅशबोर्डवरच्या लाकडी पेटीतल्या, ठिणगीसाठी वीज वाढवणाऱ्या चार कॉइलचा आवाज ऐका. बॅटरीवर स्विच ठेवून, स्पार्क पूर्ण वर असल्याची खात्री करून, हँडल सावकाश फिरवलं की त्या १-२-४-३ अशा क्रमानं गुणगुणतात. एखादी गप्प असेल तर तिची जागा शेजारच्या कॉइलशी बदला. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल खराब. तिथेच राहिला तर पुढचा टायमर (कोणत्या कॉइलला कधी वीज मिळेल ते ठरवणारा फिरता स्विच) उघडून पुसा आणि त्याला ऑइल द्या.

या सगळ्या कसरतीचाच प्रतिस्पर्ध्यांनी धंदा केला. कॅडिलॅकनं १९१२च्या मॉडेलवर चार्ल्स केटरिंग या अभियंत्याचा विजेचा स्टार्टर बसवला. जॉन आणि होरेस डॉज हे बंधू फोर्डलाच सुटे भाग पुरवत, फोर्डचे भागधारकही होते. १९१४च्या अखेरीस त्यांनी स्वतःची गाडी काढली ती १२ व्होल्टच्या स्टार्टरसकट. शेव्हरोलेनं फोर्डशी किमतीत टक्कर द्यायला ४९० डॉलरची ‘४९०’ आणली. फोर्डनं स्टार्टर दिला तो १९१९मध्ये: बंद गाड्यांना सरसकट, उघड्या गाड्यांना जादा पैशांत. १९२७मध्ये शेव्हरोले विक्रीत पुढे गेली. अर्थात स्टार्टरवाल्या मॉडेल टीलाही हँडल असतंच, आणि बॅटरी उतरली की वरचीच कृती करावी लागते.

गाडी बंद केल्यावर स्विच बॅटरीवर राहू देऊ नका. इंजिन थांबताना टायमरचा संपर्क जुळलेला राहिला तर एखादी कॉइल तशीच गुणगुणत राहते आणि सकाळपर्यंत बॅटरी उतरते.