गावात बसून विश्वचषकाचे सुरुवातीचे सामने कसे पाहावेत आणि आपले मत कसे नोंदवावे

फुटबॉल विश्वचषकाचा पहिला आठवडा हा मते बनण्याचा आठवडा असतो. आवडता संघ पहिला सामना हरला की दुसऱ्या दिवशी सकाळी पानठेल्यावर त्याची स्पर्धा संपल्याचे जाहीर होते आणि एखाद्याने पाच-सहा गोल केले की चषक त्याच्याच नावावर चढवला जातो. या घाईमागे खेळावरचे प्रेमच असते, त्यामुळे मत बनवूच नये असे मी म्हणणार नाही. पण ते कशाच्या आधारावर बनले हे आपले आपल्याला सांगता यावे, यासाठी सामना पाहण्याची आणि नोंद ठेवण्याची एक पद्धत लावून घेता येते. त्यासाठी एक वही, एक पेन आणि सामना संपल्यानंतरची दहा मिनिटे एवढेच लागते. नागपूर-कामठीच्या मैदानांवर फुटबॉल जुना आहे, परंतु यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या बहुतेक खेड्यांत तो पडद्यावरच भेटतो, आणि म्हणूनच पडद्यावर तो नीट पाहायला शिकणे आपल्यासाठी अधिक महत्त्वाचे आहे.

आधी वेळेचा हिशेब करावा. २०२६ ची स्पर्धा अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको येथे ११ जून ते १९ जुलै या काळात आहे, म्हणजे नेमकी मृगाच्या आणि पेरणीच्या दिवसांत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचे घड्याळ त्या काळात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. तिथे दुपारी १२ वाजता सुरू होणारा सामना आपल्याकडे रात्री साडेनऊला, ३ चा सामना रात्री साडेबाराला, संध्याकाळी ६ चा पहाटे साडेतीनला आणि रात्री ९ चा सकाळी साडेसहाला दिसतो. ज्याला पहाटे बियाणे घेऊन शेतात जायचे आहे त्याने हे सगळे सामने पाहण्याचा हट्ट धरू नये. गटसाखळीत एकूण ७२ सामने आहेत; त्यांतला रात्रीचा एक पूर्ण पाहावा आणि बाकीच्यांचे गोल दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत पाहावेत. अर्धवट झोपेत पाहिलेल्या तीन सामन्यांपेक्षा शुद्धीत पाहिलेला एक सामना पुष्कळ काही सांगतो. जूनमधल्या वादळवाऱ्यात वीज जाणे नेहमीचे आहे, म्हणून संध्याकाळीच मोबाईल पूर्ण चार्ज करावा आणि दिवसाचा डेटा दुपारी संपवू नये. दहा-बारा जण एका ठिकाणी जमणार असतील तर ज्या घरात लहान मूल किंवा आजारी माणूस आहे ते घर टाळावे. मुलींनाही आवर्जून बोलवावे, कारण रात्रीच्या बैठकीत त्यांची जागा आपोआप निघत नाही, ती काढावी लागते.

सामन्यापूर्वी वहीत दोन गोष्टी लिहाव्यात. एक म्हणजे गटातल्या चार संघांचा तक्ता: सामने, विजय, बरोबरी, पराभव, केलेले गोल, खाल्लेले गोल, गुण (विजयाला तीन, बरोबरीला एक). दुसरी म्हणजे आपली अपेक्षा, आणि ती नुसती ‘ब्राझील जिंकेल’ अशी नव्हे, तर कोणत्या बाजूने चढाई होईल, गोल कोणाकडून येईल, धोका कुठून आहे, अशा दोन-तीन वाक्यांत. त्या स्पर्धेचे नियमही आधीच पाहून ठेवावेत, कारण गुण समान झाल्यावर आधी गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल) पाहायचा की आपसातला निकाल, हे प्रत्येक स्पर्धेत सारखे नसते. २०२६ मध्ये ४८ संघ १२ गटांत विभागले आहेत. प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकाच्या संघांपैकी सर्वोत्तम आठ पुढे जातात. तिसऱ्या क्रमांकाला ही संधी असली की पहिल्या सामन्यातल्या बरोबरीचे वजनच बदलते. २०१६ च्या युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेत पोर्तुगालने गटातले तिन्ही सामने बरोबरीत सोडवले, तिसऱ्या क्रमांकावरून पुढची फेरी गाठली आणि अखेर तोच संघ विजेता ठरला. आपल्याकडे रोनाल्डोचे चाहते गावोगाव आहेत. त्या तीन बरोबऱ्यांनंतर त्यांतल्या कितींनी आशा सोडली होती, हे त्यांनीच आठवून पाहावे.

प्रत्यक्ष सामना पाहताना पहिली वीस मिनिटे चेंडूवरची नजर थोडी सैल करावी आणि बचावफळी कुठे उभी आहे ते पाहावे. २२ नोव्हेंबर २०२२ रोजी कतारमधील लुसैल येथे अर्जेंटिना आणि सौदी अरेबिया यांचा सामना झाला, तो आपल्याकडे दुपारी साडेतीनला सुरू झाला. कापूसवेचणीचे दिवस होते, तरी मेस्सीसाठी अनेकांनी त्या दुपारी काम लवकर आटोपले. दहाव्या मिनिटाला मेस्सीने पेनल्टीवर गोल केला आणि त्यानंतर अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड ठरले, म्हणजे चेंडू पुढे दिला जाताना आघाडीवीर बचावफळीच्या पुढे गेलेला असल्याने रद्द झाले. पंचांवर चिडणे त्या क्षणी साहजिक होते, परंतु पाहण्याची गोष्ट अशी होती की सौदीची बचावफळी मुद्दाम मध्यरेषेच्या जवळ सरकून उभी राहत होती आणि अर्जेंटिनाचे आघाडीवीर त्याच सापळ्यात पुन्हा पुन्हा अडकत होते. दुसऱ्या अर्ध्यात ४८ व्या मिनिटाला सालेह अल-शेहरी आणि ५३ व्या मिनिटाला सालेम अल-दौसरी यांनी गोल केले, आणि अर्जेंटिनाची सलग ३६ सामन्यांची अपराजित वाटचाल १-२ अशी थांबली.

सामना संपल्यावर इतरांचे बोलणे ऐकण्याआधी आणि मोबाईल उघडण्याआधी वहीत लिहावे, आणि ते दोन भागांत लिहावे: काय दिसले आणि काय वाटले. ‘संघात दम राहिला नाही’ हे वाटणे आहे; ‘तीन गोल ऑफसाइड गेले, मध्यफळीकडून पुढे वेगाने चेंडू गेला नाही’ हे दिसणे आहे. दोन्ही ठेवावे, पण एका ओळीत मिसळू नये. अर्जेंटिनाच्या बाबतीत पुढे जे झाले ते दुसऱ्या भागातून नव्हे, पहिल्या भागातूनच समजते. प्रशिक्षक लिओनेल स्कालोनी यांनी मेक्सिकोविरुद्ध पाच बदल केले. त्या सामन्यात अलेक्सिस मॅक अलिस्टर सुरुवातीपासून खेळला, राखीव म्हणून आलेल्या एन्झो फर्नांडेझने गोल केला, आणि पोलंडविरुद्ध एन्झो व हुलियन अल्वारेझ दोघेही पहिल्या अकरात आले. १८ डिसेंबरच्या अंतिम सामन्यात हे तिघेही सुरुवातीपासून मैदानावर होते. सौदीला मात्र पोलंड आणि मेक्सिको या दोघांनी हरवले आणि तो संघ गटात तळाला राहिला.

पहिल्या पराभवानंतर नेहमी बदलच करावा लागतो असेही नाही. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत स्पेनला स्वित्झर्लंडने १-० असे हरवले, तेव्हा चेंडू बहुतांश वेळ स्पेनकडेच होता. प्रशिक्षक व्हिसेन्ते देल बोस्के यांनी खेळण्याची मूळ पद्धत सोडली नाही, आणि बाद फेरीतले चारही सामने स्पेनने १-० असे जिंकून विश्वचषक मिळवला.

मोठ्या विजयाची नोंद तर अधिक सावधपणे करावी. कृषी विभाग दरवर्षी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका असे सांगतो, कारण पहिल्याच सरीवर विसंबणाऱ्यावर दुबार पेरणीची वेळ येते. पहिल्या सामन्यातला गोलांचा पाऊसही तसाच आहे. २०२२ मध्ये स्पेनने कोस्टारिकाला ७-० असे हरवले. त्याच कोस्टारिकाने पुढच्या सामन्यात जपानला १-० असे नमवले, आणि जपानने जर्मनीपाठोपाठ स्पेनलाही २-१ असे हरवून गटात पहिला क्रमांक मिळवला. स्पेन पुढच्याच फेरीत मोरोक्कोकडून पेनल्टी शूटआउटमध्ये बाहेर पडला. म्हणून मोठ्या विजयानंतर वहीत एक प्रश्न लिहून ठेवावा: समोरच्या संघाने चेंडू हिसकावण्याचा प्रयत्न तरी केला होता का?

तरीही काही पराभव खरोखरच अखेरची सुरुवात असतात, आणि ते ओळखण्यासाठी दुसऱ्या सामन्याची वाट पाहावी लागते. ३१ मे २००२ रोजी सोलमध्ये सेनेगलने गतविजेत्या फ्रान्सला १-० असे हरवले. फ्रान्सचे फटके त्या दिवशी गोलखांबाला आणि आडव्या दांडीला लागले होते, त्यामुळे केवळ नशीब आडवे आले असे वाटण्यास जागा होती. पण संघाचा मुख्य खेळाडू झिदान दुखापतीमुळे पहिले दोन सामने खेळू शकला नाही, उरुग्वेविरुद्ध गोलशून्य बरोबरी झाली, डेन्मार्कने २-० असे हरवले आणि फ्रान्स एकही गोल न करता घरी परतला. २०१८ मधील जर्मनीचे उदाहरण मला अधिक शिकवणारे वाटते. मेक्सिकोने त्यांना १-० असे हरवले ते मधल्या मोकळ्या जागेतून वेगाने प्रतिचढाया करून. दुसऱ्या सामन्यात टोनी क्रूसने ९५ व्या मिनिटाला फ्री किकवर गोल केला, स्वीडनवर २-१ असा विजय मिळाला आणि सगळे सावरले असे वाटले. परंतु स्वीडनचा गोलही जर्मनीने मैदानाच्या मध्यात चेंडू गमावल्यामुळेच झाला होता. ज्याने ‘काय दिसले’ या रकान्यात हा दोष दोनदा लिहिला असेल, त्याला दक्षिण कोरियाकडून झालेल्या ०-२ पराभवाचा धक्का इतरांपेक्षा कमी बसला असेल. तेव्हा निकाल बदलला तरी तोच दोष पुन्हा दिसतो का, हे दुसऱ्या सामन्यात आवर्जून तपासावे.

तिसऱ्या सामन्यांची रात्र वेगळी असते, कारण गटातले दोन्ही सामने एकाच वेळी सुरू होतात. १९८२ मध्ये स्पेनमधील गिहोन येथे पश्चिम जर्मनीने ऑस्ट्रियाला १-० असे हरवले. त्या निकालावर दोघेही पुढे जाणार हे ठाऊक असल्याने गोलनंतर खेळ जवळजवळ थांबलाच, आणि पश्चिम जर्मनीला पहिल्याच सामन्यात हरवणारा अल्जेरिया बाहेर पडला. त्यानंतर शेवटचे सामने एका वेळी घेण्याची पद्धत आली. अशा रात्री एक सामना दूरदर्शन संचावर लावावा आणि दुसऱ्याचा फक्त गुणफलक मोबाईलवर ठेवावा, त्याला डेटाही फार लागत नाही. प्रत्येक गोलनंतर तक्ता नव्याने लिहिण्याचे काम एकालाच द्यावे, शक्यतो गणित पक्के असलेल्या शाळकरी मुलाला किंवा मुलीला. २०२२ मध्ये जपान-स्पेन आणि जर्मनी-कोस्टारिका हे सामने मध्यरात्रीनंतर साडेबाराला सुरू झाले, तेव्हा कोस्टारिका आघाडीवर असलेल्या काही मिनिटांत स्पेन आणि जर्मनी हे दोन्ही माजी विजेते एकाच वेळी बाहेर होते. ज्यांच्यासमोर तक्ता नव्हता त्यांना हे नंतर कळले.

२०२६ मध्ये आपल्या गटाचे सामने संपले म्हणून वही मिटू नये. तिसऱ्या क्रमांकाच्या १२ संघांसाठी एक वेगळे पान राखून त्यावर गुण, गोलफरक आणि केलेले गोल लिहीत जावेत, कारण चार गुणांचा संघ निश्चिंत असू शकतो, तर तीन गुणांच्या संघाला इतर गटांच्या निकालांसाठी काही दिवस थांबावे लागू शकते. गटसाखळी २७ जूनला संपते. वेळेतल्या फरकामुळे तिचे शेवटचे सामने आपल्याकडे २८ जूनच्या सकाळी संपतील, आणि त्या दिवशी रविवार आहे.