नाताळची चांदणी कॉम्प्युटरवर नाचवायची तर

दिवाळीचे कंदील उतरले की जालन्यात आमच्या गल्लीतल्या दोन-तीन घरांवर नाताळच्या चांदण्या चढायला लागतात. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर रंगीत जिलेटिन, आत एक साठचा बल्ब. लहानपणापासून आम्ही तीच बांधत आलो. आता मात्र आमच्या गच्चीवरची चांदणी एकेका टोकानं पेटते, पेटीच्या सुरावर निळी होते आणि ढोलकीवर लाल. पोरं फाटकापाशी थांबून विचारतात, "काका, हे मोबाइलवर चालतं का?" चालतं. कसं, ते सांगतो.

आधी एक अट. पहिल्या वर्षी एकच चांदणी करायची, ५० बल्बांची. अख्खं घर मढवायचा मोह होतो, तो आवरा. २००४ साली अमेरिकेत ओहायोतल्या मेसन इथं कार्सन विल्यम्स यांनी घरावर सुमारे १६,००० दिवे गाण्यावर नाचवले आणि त्याचा व्हिडिओ जगभर फिरला. पण कॉम्प्युटरच्या हातात चॅनेल होते फक्त ८८. म्हणजे एका चॅनेलवर अख्खी माळच्या माळ लागायची किंवा विझायची. आज मिळणाऱ्या माळेत प्रत्येक बल्बचे लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल वेगळे असतात. ५० बल्बांचे झाले १५०. एवढ्यातच डोक्याला पुष्कळ काम होतं.

काय आणायचं

ऑनलाइन शोधताना "डब्ल्यूएस२८११ पिक्सेल माळ, ५ व्होल्ट, ५० बल्ब" असं टाका. डब्ल्यूएस२८११ हे प्रत्येक बल्बातल्या चिपचं नाव. साधी आरजीबी माळ घेऊ नका, तिचे सगळे बल्ब एकाच वेळी एकच रंग दाखवतात. बाहेर लावायची असल्यामुळे वॉटरप्रूफ, गोळीच्या आकाराचे बल्ब घ्या. सोबत एक ईएसपी३२ बोर्ड, म्हणजे वायफाय असलेला चिमुकला कॉम्प्युटर, आणि ५ व्होल्ट, १० अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेचे ५ व्होल्ट करणारा डबा. माळ, बोर्ड आणि एसएमपीएस, बास. लॅपटॉप घरात असतोच.

ही माळ चालते पंगतीसारखी. पोळ्यांची टोपली पहिल्याच्या हातात येते, तो आपली काढून घेतो आणि उरलेली पुढं सरकवतो. प्रत्येक बल्ब आपल्या वाट्याचे २४ बिट, म्हणजे आपल्या रंगाची माहिती, ठेवून घेतो, बाकीचे पुढच्याला देतो. एका बल्बला ३० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे सगळी माळ दीड मिलिसेकंदात जेवून उठते. म्हणूनच माळेला दिशा असते. बल्बवरचा बाण बोर्डापासून लांब जाणारा हवा. उलट्या टोकाला वायर जोडली तर काहीही पेटत नाही आणि आपण उगीच बोर्डाला शिव्या देत बसतो. एखादा बल्ब मेला की त्याच्यापुढची सगळी पंगत उपाशी. मग पहिला न पेटलेला बल्ब आणि त्याच्या अलीकडचा, हे दोनच तपासायचे.

विजेचं नीट समजून घ्या

पांढऱ्या रंगात, पूर्ण उजेडात एक बल्ब साधारण ६० मिलिअँपिअर खातो. ५० बल्बांना ३ अँपिअर, म्हणजे १५ वॅट. एसएमपीएस कधी शेवटपर्यंत ताणायचा नाही, ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा. १० अँपिअरचा घेतला की पुढच्या वर्षी दुसरी माळही त्यावरच बसते. बिलाची काळजी करू नका. पूर्ण उजेडात रोज पाच तास लावली तरी दहा रात्रींत पाऊण युनिट होतं.

माझा पहिला एसएमपीएस मीच उडवला. त्याच्या बाजूला बारीक खटका होता, एकीकडं ११० आणि दुसरीकडं २२०. तो ११० वर होता आणि मी न बघता प्लग लावला. फटाक्यासारखा आवाज, जळका वास आणि स्वयंपाकघरातून आईचं "आता काय जाळलंस?" तेव्हा प्लग लावण्याआधी तो खटका २२० वर आहे का ते बघायचं.

एसएमपीएसच्या २३० व्होल्टच्या बाजूचे स्क्रू उघडे असतात. तिथली जोडणी जमत नसेल तर वायरमनकडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही. तीन पिनांचा प्लग, अर्थिंगची वायर जोडलेली, आणि डबा पोरांच्या हाताला न लागेल असा आत, कोरड्या जागी. डब्याला हवा लागू द्या. गच्चीवरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा) असेल तर फारच चांगलं. डिसेंबरात आपल्याकडं पाऊस नसला तरी पहाटेचं दव असतं.

जोडणी अशी: एसएमपीएसचा प्लस आणि मायनस माळेला, तोच प्लस बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनला, मायनस बोर्डाच्या ग्राउंडला, म्हणजे मायनसच्या पिनला. माळेची मधली, डेटाची वायर बोर्डाच्या एका जीपीआयओ, म्हणजे सिग्नल देणाऱ्या, पिनला. बोर्ड आणि माळेचा ग्राउंड एक नसेल तर बल्ब वेड्यासारखे लुकलुकतात. बोर्ड पहिल्या बल्बजवळ ठेवा. बोर्डाचा डेटा ३.३ व्होल्टचा असतो, लांब वायरीत तो दमतो. हे सगळं आधी घरात, फरशीवर करून बघा.

सांगाडा

पाच टोकांच्या चांदणीला दहा बाजू. प्रत्येक बाजू ४० सेंटिमीटरची केली की ५० बल्ब दर ८ सेंटिमीटरला एक असे नेमके बसतात आणि चांदणी मीटरभर रुंद होते. माळ घेताना दोन बल्बांमधली वायर एवढी आहे ना, ते बघा. इलेक्ट्रिकच्या दुकानातली केसिंग पट्टी चार मीटर लागते. तिला १२ मिलिमीटरची भोकं पाडायची आणि बल्ब मागून दाबून बसवायचे. पट्ट्या कामट्यांच्या जुन्या सांगाड्यावरच केबल टायनं आवळा. आमच्या वडिलांनी बांधलेला सांगाडा अजून तोच आहे.

बोर्डात जीव घालायचा

लॅपटॉपवर क्रोम उघडा, बोर्ड यूएसबीनं जोडा आणि "इन्स्टॉल डॉट डब्ल्यूएलईडी डॉट मी" या पानावरून डब्ल्यूएलईडी हे माळ चालवणारं फुकटचं सॉफ्टवेअर बोर्डात टाका. या वेळी एसएमपीएस बंद हवा. मग बोर्ड स्वतःचं वायफाय सुरू करतो. मोबाइलवरून त्याला जोडून घरच्या वायफायचा पासवर्ड द्या. बोर्डाला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय दिसतं, हे विसरून मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. सेटिंगमध्ये बल्बांची संख्या ५०, डेटाच्या पिनचा नंबर आणि करंटची मर्यादा भरा. लाल मागितल्यावर हिरवा आला तर माळ बिघडलेली नाही, रंगांचा क्रम बदला.

एवढ्यावर थांबलात तरी मोबाइलवरून शंभरावर तऱ्हा मिळतात. पुष्कळ जण इथंच खूश होतात.

गाण्यावर बसवणं

खरा वेळ इथं जातो. गाण्यात कुठल्या क्षणी कुठला बल्ब लागेल ते लॅपटॉपवर ठरवायचं एक्सलाइट्स हे सॉफ्टवेअरही फुकट आहे. त्यात "कंट्रोलर्स"मध्ये बोर्डाचा आयपी पत्ता (घरच्या वायफायवरचा त्याचा नंबर) देऊन प्रोटोकॉल, म्हणजे रंगांची माहिती पाठवायची पद्धत, डीडीपी ठेवा. "लेआउट"मध्ये स्टार हे मॉडेल घ्या, ५० बल्ब, आणि तुमचा पहिला बल्ब जिथं आहे तिथूनच सुरुवात. मग "सिक्वेन्सर"मध्ये गाणं टाका, फ्रेम ५० मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाला वीस चित्रं.

ठेका सॉफ्टवेअर स्वतः शोधू शकतं, पण आमच्या गायनमंडळाच्या रेकॉर्डिंगवर त्यानं हात टेकले. ढोलकीवाला तिसऱ्या कडव्यापासून पळतो आणि पेटी त्याच्यामागं. गाणं वाजवत किबोर्डवरचं टी बटण ठेक्यागणिक दाबत गेलो, तशा खुणा पडल्या. त्या खुणांवर इफेक्ट ओढून ठेवायचे. एका मिनिटाच्या गाण्याला मला तीन संध्याकाळ लागल्या. धृपदाला एकच रंग ठरवा आणि तो दर वेळी परत आणा, बघणाऱ्याला लगेच ओळखू येतो. प्रत्येक ठोक्याला रंग बदललात तर ते लग्नाच्या वरातीतल्या लाइटिंगसारखं दिसतं.

स्पीकर छोटाच लावा आणि रात्री १० ला बंद करा.

रोज लॅपटॉप लावायचा कंटाळा आला तर पुढच्या वर्षी रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर फाल्कन प्लेअर हे सॉफ्टवेअर टाका, ते ठरल्या वेळी आपलं आपण सुरू होतं. यंदा मात्र एक काम नक्की करा. डब्ल्यूएलईडीत एक साधा, शांत पिवळा प्रीसेट (साठवून ठेवलेली तऱ्हा) करून "सुरू होताना हाच लाव" असं सांगून ठेवा. २४ तारखेला संध्याकाळी डीपीवर काहीतरी होतं आणि लाईट जाते. ती परत आल्यावर राउटर जागा होईपर्यंत, तुम्ही लॅपटॉपपाशी धावेपर्यंत, चांदणी निदान पिवळी उजळलेली राहते.