महामार्गावरची वेगमर्यादा वाढवावी का? वादविवादाची पक्की तयारी

‘महामार्गांवरील वेगमर्यादा वाढवण्यात यावी’ असा ठराव हातात पडला की बहुतेक स्पर्धक एक तर ‘वेग म्हणजे प्रगती’ म्हणतात, नाही तर ‘वेग म्हणजे मृत्यू’. तिसऱ्या मिनिटाला दोन्ही बाजूंचं बोलणं संपतं आणि उरलेला वेळ जोरात बोलण्यात जातो. हा विषय खरं तर आकड्यांचा, कायद्याचा आणि रस्त्याच्या प्रत्यक्ष वागणुकीचा आहे. त्याची तयारी चार-पाच संध्याकाळी बसून नीट होऊ शकते.

ठरावातल्या तीन रिकाम्या जागा

कुठला रस्ता, कुठलं वाहन आणि किती वरून किती, या तीन गोष्टी ठरावात लिहिलेल्या नसतात. अनुकूल बाजूच्या पहिल्या वक्त्याने त्या पहिल्या पाऊण मिनिटात भरायच्या. त्याने भरल्या नाहीत तर प्रतिकूल बाजू भरेल, आणि ती घाटातला वळणाचा रस्ता आणि ओव्हरलोड ट्रक घेऊनच भरेल.

त्यासाठी आधी कायदा समजून घ्या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११२ नुसार कमाल वेग केंद्र सरकार ठरवतं. सार्वजनिक सुरक्षितता किंवा रस्त्याचं स्वरूप पाहून राज्य सरकार एखाद्या रस्त्यावर त्याहून कमी मर्यादा लावू शकतं. केंद्राच्या ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत मोटारींना (चालक सोडून आठ आसनांपर्यंत) प्रवेश-नियंत्रित (म्हणजे ठरावीक ठिकाणांहूनच आत-बाहेर करता येणाऱ्या) द्रुतगती महामार्गावर ताशी १२० किलोमीटर, दुभाजक असलेल्या चौपदरी किंवा त्याहून रुंद रस्त्यावर १०० आणि शहर हद्दीत ७० अशी कमाल मर्यादा होती. द्रुतगती महामार्गावर बसला १०० आणि मालवाहू वाहनांना ८०. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका अपघात भरपाईच्या अपिलात ही अधिसूचना रद्द ठरवली. म्हणून तिचा दाखला देणार असाल तर त्या निकालानंतरची कायदेशीर स्थिती स्पर्धेच्या आठवड्यात तपासूनच उभे राहा. परीक्षकांमध्ये एखादा वकील असला तर पहिला प्रश्न इथेच येतो.

इथे एक चूक हमखास होते. केंद्राची कमाल मर्यादा आणि रस्त्याकडेच्या फलकावरचा आकडा एकच असल्यासारखं बोललं जातं. २०१८ च्या अधिसूचनेने १२० पर्यंत मुभा दिली, तरी मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर सपाट भागात मोटारींची मर्यादा १०० ठेवली गेली आणि बोरघाटात त्याच्याही बरीच खाली. म्हणजे ‘वाढवा’ या एका शब्दात दोन वेगळे ठराव आहेत: राज्याने केंद्राच्या छतापर्यंत जावं, किंवा छतच उचलावं. कुठला ठराव मांडताय ते स्पष्ट सांगा.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते, ती म्हणजे स्पीड गव्हर्नर. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ११८ नुसार व्यावसायिक वाहनांना वेग बांधणारं उपकरण लागतं. सर्वसाधारणपणे ताशी ८०, आणि स्कूल बस, डंपर, टँकर यांना ६०. फलकावर काहीही लिहिलं तरी नियमाप्रमाणे चालणारा ट्रक ८० च्या वर जाणारच नाही. म्हणून ठराव व्यवहारात फक्त मोटारींपुरता उरतो, आणि मोटारी व ट्रक यांच्या वेगातलं अंतर वाढवणं हाच त्याचा खरा परिणाम होतो. प्रतिकूल बाजूचं सगळ्यात धारदार हत्यार हे आहे.

अनुकूल बाजूला टिकेल अशी व्याख्या साधारण अशी असू शकते: ‘प्रवेश-नियंत्रित महामार्गाच्या सपाट टप्प्यांवर, दिवसा, कोरड्या रस्त्यावर, फक्त मोटारींसाठी १०० वरून १२०, दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आधी बसवून.’ ही पळवाट वाटायचं कारण नाही. फ्रान्समध्ये मोटरवेवर कोरड्यात १३० आणि पावसात ११० अशी मर्यादा आहे. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसाला अशी दुहेरी मर्यादा जास्तच लागू पडते.

वहीत करायची तीन गणितं

पहिलं गणित थांबण्याच्या अंतराचं. ताशी वेगाला ३.६ ने भागलं की सेकंदाला किती मीटर ते कळतं. १०० म्हणजे २७.८ मीटर, १२० म्हणजे ३३.३. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा आणि कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने वेग दर सेकंदाला सेकंदी ७ मीटरने उतरतो असं धरा. १०० च्या गाडीचे दीड सेकंदात ४२ मीटर जातात, ब्रेक लागल्यावर ५५, एकूण ९७. १२० च्या गाडीचे ५० आणि ७९, एकूण १२९.

‘बत्तीस मीटरचा फरक’ एवढं म्हणून थांबू नका. पुढचा प्रश्न विचारा: १०० ची गाडी जिथे उभी राहिली, त्याच जागी १२० ची गाडी किती वेगात असते? तिने ५० मीटर विचारातच घालवले. उरलेल्या ४७ मीटरमध्ये ब्रेक लावून वेग उतरतो तो फक्त ताशी ७७ किलोमीटरपर्यंत. एक गाडी उभी, दुसरी ७७ ने आदळते. हे गणित व्यासपीठावर करून दाखवायचं नाही. निष्कर्ष सांगायचा, आणि कोणी विचारलंच तर दीड सेकंद आणि ७ मीटर ही गृहीतकं तयार ठेवायची. गृहीतकं न सांगता आकडा फेकला की समोरचा ‘हे कुठून आलं?’ म्हणतो आणि तुमचा चांगला मुद्दा संशयात सापडतो.

दुसरं गणित वाचणाऱ्या वेळेचं, आणि ते अनुकूल बाजूला स्वतःलाच टोचतं. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग सुमारे ९४.५ किलोमीटर. घाट सोडून ८० किलोमीटर सलग एका वेगात गेलात असं धरलं तरी १०० ने ४८ मिनिटं आणि १२० ने ४० मिनिटं. ही आठ मिनिटं टोलनाक्यावरच्या किंवा बोरघाटातल्या एका कोंडीत संपतात. म्हणून अनुकूल बाजूने वेळेचा मुद्दा पुण्याच्या रस्त्यावर मांडूच नये. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. तिथे १२० वरून १४० केलं तर ५ तास ५० मिनिटांचा प्रवास ५ तासांवर येतो. पन्नास मिनिटं सांगण्यासारखी आहेत. मात्र तसं केलंत तर तुम्ही छत उचलण्याचा ठराव मांडताय हे विसरू नका.

तिसरं गणित वेगाच्या फरकाचं. ८० च्या ट्रकमागून १०० ने येणारी मोटार सेकंदाला साडेपाच मीटर जवळ येते. मधलं १०० मीटर अंतर मिटायला १८ सेकंद. १२० ने येणारीला ९. रात्री ते आणखी बिकट होतं. डिपरचा उपयोगी उजेड साधारण ५०-६० मीटरपर्यंत पडतो, आणि १२० च्या गाडीचे ५० मीटर तर पाय ब्रेकवर जाईपर्यंतच गेलेले असतात. मागचे दिवे बंद असलेला, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला ट्रेलर त्या उजेडात दिसला, तर दिसून उपयोग नाही. म्हणूनच वरच्या व्याख्येत ‘दिवसा’ हा शब्द आहे.

‘अतिवेग ७२ टक्के’ हा आकडा वापरण्याआधी

रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात ४,६१,३१२ अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू नोंदले आहेत. त्यातले ७२.३ टक्के अपघात आणि ७१.२ टक्के मृत्यू ‘अतिवेग’ या रकान्यात आहेत. प्रतिकूल बाजू हा आकडा ब्रह्मास्त्रासारखा काढते, आणि अनुकूल बाजू बऱ्याचदा त्यापुढे गप्प बसते. गप्प बसायचं कारण नाही. हा रकाना पोलिसांच्या नोंदीतून भरला जातो. प्रत्येक अपघातात गाडीचा वेग मोजलेला नसतो. शिवाय अतिवेग म्हणजे असलेली मर्यादा मोडणं, म्हणजे प्रश्न पालनाचा आहे. त्यावरून मर्यादा फार सैल आहे असंही ठरत नाही आणि फार कडक आहे असंही नाही. त्याच अहवालात मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे आणि १९.५ टक्के पादचारी आहेत. समृद्धीवर यातलं कोणीच येऊ शकत नाही. अनुकूल बाजूने हे शांतपणे दाखवून द्यावं.

पण प्रतिकूल बाजूकडे त्याचंही उत्तर आहे. स्वीडिश संशोधक निल्सन यांच्या सूत्रानुसार जीवघेणे अपघात सरासरी वेगाच्या साधारण चौथ्या घाताने बदलतात. सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेणे अपघात सुमारे चार टक्के वाढतात. इथे चूक होते ती मर्यादेतली वाढ थेट सूत्रात घालण्याची. १०० वरून १२० म्हणजे वीस टक्के, म्हणून मृत्यू दुप्पट, असं म्हणू नका. फलक बदलला तरी प्रत्यक्ष सरासरी वेग त्याच्या काही भागानेच वाढतो. ‘समजा सरासरी ९५ वरून १०० झाली’ असं धरून सुमारे २३ टक्के वाढ येते. तेवढी पुरेशी जड आहे, आणि उलटतपासणीत टिकते.

‘रस्ता १५० साठीच बांधलाय’

समृद्धीचा संकल्पित वेग १५० आहे, मग १२० चं बंधन का? हा अनुकूल बाजूचा लाडका मुद्दा. तो अर्धा खरा आहे. संकल्पित वेगावर वळणाची त्रिज्या, रस्त्याचा कललेला पृष्ठभाग, पुढचं किती दिसावं हे ठरतं. त्या आकड्यात तुमचे टायर, चालकाची झोप आणि लेन सोडून चालणारा ट्रक धरलेले नसतात. टायरचं विशेषतः सांगा: हवा कमी असली की टायरची बाजू जास्त वाकते, वाकण्यातून उष्णता तयार होते, आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात काँक्रीटवर तासन्‌तास एकाच वेगात धावताना ती बाहेर पडायला वाव मिळत नाही. बाजूला छापलेल्या चार अंकांवरून टायर कुठल्या आठवड्यात, कुठल्या वर्षी बनला ते कळतं. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. अनुकूल बाजूने यावर रस्त्यात शिरतानाच टायर तपासणीची अट आपल्या योजनेत घातली तर हा हल्ला बोथट होतो.

अनुकूल बाजूचा यापेक्षा बळकट मुद्दा विश्वासार्हतेचा आहे. रुंद, मोकळ्या, सरळ रस्त्यावर मर्यादा अवास्तव कमी वाटली की लोक कॅमेऱ्यापुरते ब्रेक मारतात आणि पुढे पुन्हा पळतात. अमेरिकेत म्हणूनच मर्यादा ठरवताना मोकळ्या रहदारीत ८५ टक्के चालक ज्या वेगाच्या आत असतात तो वेग पाहण्याची पद्धत रुळली. समोरून उत्तर येईल की मग नियम मोडणारेच नियम ठरवणार. ते आलं की सरासरी वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यांकडे वळा: तिथे जागेपुरता ब्रेक उपयोगाचा नसतो.

परदेशाचे दाखले

जर्मनीचं नाव येणारच. तिथे ऑटोबानच्या मोठ्या भागावर सक्तीची मर्यादा नाही, पण १९७८ पासून १३० चा शिफारस केलेला वेग आहे आणि अवजड ट्रकला ८० चं बंधन आहे. हे दोन्ही न सांगता जर्मनी घेतलात तर पुढचा वक्ता तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटवेल. अमेरिकेने तेलटंचाईत १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैल लावले. त्या वर्षी रस्त्यावरचे मृत्यू सुमारे ५४ हजारांवरून ४५ हजारांवर आले. पण त्या वर्षी इंधनाअभावी लोक गाड्याही कमी चालवत होते, त्यामुळे सगळं श्रेय मर्यादेला देता येत नाही. १९८७ मध्ये ग्रामीण आंतरराज्य महामार्गांवर ६५ ची सूट मिळाली आणि १९९५ मध्ये राष्ट्रीय मर्यादाच गेली. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीने २०१४ मध्ये काही टप्प्यांवर मर्यादा काढून पाहिली आणि २०१६ मध्ये परत आणली. एका भाषणात असा एकच दाखला पुरे. तीन घेतले की एकाचंही स्पष्टीकरण होत नाही.

समृद्धीवर १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ झालेला बसचा अपघात, ज्यात २५ जण गेले, कृपया टाळ्यांसाठी वापरू नका. ती बस होती. मोटारींच्या मर्यादेवरच्या ठरावाला तिच्यातून पुरावा मिळत नाही. सभागृहात त्या घरांपैकी कोणी बसलेलं असू शकतं.

सात मिनिटांची मांडणी

पाच मिनिटं मांडणी आणि दोन मिनिटं खंडन हा बऱ्याच स्पर्धांचा साचा. पहिल्या पाऊण मिनिटात व्याख्या, मग दोनच मुद्दे, प्रत्येकी दोन मिनिटं. पाचव्या मिनिटाची घंटा वाजते तेव्हा दुसऱ्या मुद्द्याचं शेवटचं वाक्य चालू असावं. तिसरा मुद्दा मनात ठेवा. तो जोडीदाराचा आहे.

खंडनासाठी कागद उभा दुमडा. डावीकडे समोरच्याचा मुद्दा त्याच्याच शब्दांत, उजवीकडे तुमचं उत्तर चार शब्दांत. उत्तर देताना आधी त्यांचा मुद्दा प्रामाणिकपणे मांडा, मग तोडा. ‘मर्यादा वाढवली तर सगळेच मोडतील’ असं समोरून आलं आणि तुम्ही ‘ते म्हणतात लोक बेशिस्त आहेत’ असं बदलून घेतलंत, तर परीक्षक तिथेच खूण करतात.

आकडे सांगताना दशांश सोडा. ‘तेहतीस पॉइंट तीन’ कानाला लागत नाही. ‘एका सेकंदात तेहतीस मीटर, मोबाईलकडे दोन सेकंद पाहिलंत की सहासष्ट’ लागतं. आणि उलटतपासणीत ‘मग तुमच्या मते बरोबर मर्यादा किती?’ हा प्रश्न प्रतिकूल बाजूला येतोच. ‘आहे तीच’ हे उत्तर कोणत्या रस्त्यासाठी, कोणत्या वाहनासाठी आणि कोणत्या वेळेसाठी, हे संघातल्या सगळ्यांना तोंडपाठ असू द्या.