भूवारशाच्या कामात यायचंय? खडकासोबत सातबाराही वाचायला शिका

पुण्यात भूशास्त्राला प्रवेश घेतलेली मुलं-मुली हल्ली हमखास विचारतात, की खाण, तेल आणि भूजल सोडून या विषयात आणखी काही करता येतं का? येतं. खडकांनी आणि नद्यांनी घडवलेल्या जागा जपायच्या, त्या लोकांना समजतील अशा दाखवायच्या आणि त्यातून गावालाही चार पैसे मिळतील असं बघायचं, हे आता स्वतंत्र काम झालं आहे. भूवारसा संवर्धन आणि भूपर्यटन अशी नावं त्याला मिळाली आहेत. मी पुण्यात राहून बरीच वर्षं हेच करते आहे. नव्याने येणाऱ्याला माझं पहिलं सांगणं असतं की खडक ओळखायला शिकाच, पण तो कुणाच्या नावावर आहे हे शोधायलाही त्याच वर्षी शिका.

आधी खडकाचं बोलू. शिकायला पुण्यासारखी जागा मिळणं हे भाग्यच म्हणायचं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून जे दख्खनचं पठार तयार झालं, ते आजही जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेलं आहे आणि आपण त्याच्या ऐन पश्चिम कडेला राहतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने या थरांचे जे गट पाडले, त्यांना इंद्रायणी, कार्ला, दिवेघाट, पुरंदरगड, महाबळेश्वर अशी नावं दिली. शनिवार-रविवार ज्या वाटांवर आपण भटकतो, तिथेच या विषयाचा अभ्यासक्रम मांडलेला आहे.

डोळा तयार होतो तो घाटरस्त्याच्या कापात. काळा, घट्ट, उभ्या भेगांचा बसाल्ट दिसतो. त्याच्या खाली किंवा वर ठिसूळ, पांढऱ्या ठिपक्यांचा खडक असतो, ज्याला विहिरी खोदणारे मांजऱ्या म्हणतात. लाव्ह्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या पुढे झिओलाइटसारख्या खनिजांनी भरल्या, म्हणून ते ठिपके. मध्येच कुठे वीतभर ते हातभर जाडीचा तांबडा थर येतो. दोन लाव्ह्यांच्या मधल्या विश्रांतीत खालच्या थराचा पृष्ठभाग झिजला, त्यावर माती आणि राख साचली आणि नंतर आलेल्या लाव्ह्याच्या धगीने ती भाजून निघाली. त्या तांबड्या पट्ट्यावर बोट ठेवलं की दोन उद्रेकांमधला काळ बोटाखाली असतो. हा थर दाखवल्यावर शाळेतली मुलं एकदम गप्प होतात, आणि मग प्रश्नांचा पाऊस पडतो. रस्ता रुंद करताना हेच काप जाळी आणि काँक्रीटने झाकले जातात. सुरक्षेसाठी ते करावंच लागतं, पण झाकण्यापूर्वी फोटो आणि मोजमाप घेऊन ठेवणारं कुणीतरी हवं. शिकाऊ मुलांनी लगेच हाती घ्यावं असं हे काम आहे.

आता सातबारा. त्यासाठी कुकडी नदीवरच्या रांजणखळग्यांइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. एका काठाला शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी, पुणे जिल्हा. समोरच्या काठाला पारनेर तालुक्यातलं निघोज, म्हणजे अहिल्यानगर जिल्हा. मधल्या कातळात पाण्याने कोरलेले शेकडो खळगे आहेत. पुराच्या पाण्याचा भोवरा एखाद्या भेगेत किंवा खोलगट जागी दगडगोटे गरागरा फिरवतो, गोटे कातळ घासतात आणि भोक खोल, रुंद, गुळगुळीत होत जातं. शेजारशेजारचे खळगे एकमेकांत फुटले की त्यांची अरुंद घळ होते. आत वाकून पाहिलं तर तळाशी ते घासणारे गोटे अजून पडलेले असतात, अंड्यासारखे गुळगुळीत. देवळाजवळ बसणाऱ्या एका आजोबांनी मला सांगितलं होतं, "ताई, पूर उतरला की या. तळातले गोटे दर साली निराळे असतात." पुस्तकात ज्याला झीज घडवणारं साधन म्हणतात, ते त्यांनी आयुष्यभर डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्या दिवसापासून नोंदवहीत स्थानिक माणसांच्या निरीक्षणांना मी वेगळं पान ठेवते.

या एका जागेसाठी कुणाकुणाशी बोलावं लागतं ते बघा. जिल्हे दोन, तालुके दोन, ग्रामपंचायती दोन. पाणी वरच्या धरणांतून सुटतं, म्हणून जलसंपदा विभाग. मळगंगा देवीचं स्थान आहे, म्हणून देवस्थान आणि यात्रेला येणारे भाविक. पात्राला लागून शेतं आहेत, म्हणून शेतकरी. सेल्फीसाठी थेट काठावर जाणारे पर्यटक आणि त्यांना चहा-भजी विकणारे गावकरी वेगळेच. खळग्यात प्लास्टिकच्या बाटल्या साचतात, कातळावर रंगाने नावं लिहिली जातात. कुंपण घाला म्हणणं सोपं आहे. पण ज्या नदीवर लोक पिढ्यान्‌पिढ्या देवीच्या दर्शनाला येतात, तिथे कुंपण टिकत नाही आणि टिकूही नये असं माझं मत आहे. टिकतो तो गावातला प्रशिक्षित वाटाड्या, जो पर्यटकाला कुठे उभं राहायचं ते सांगतो, खळगा कसा झाला हे समजावतो आणि त्याचे पैसे घेतो. पाणी सुटणार असेल तेव्हा खाली उतरू न देणाराही तोच.

कायद्याची बाजू नवख्यांना फार उशिरा कळते, म्हणून आत्ताच सांगते. कातळात लेणी कोरलेली असतील, तर १९५८च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याचा आधार मिळतो. जंगलातली जागा असेल तर वनखातं असतं. जैवविविधतेसाठी २००२चा कायदा आहे. निव्वळ खडकासाठी मात्र स्वतंत्र केंद्रीय कायदा अजून नाही. खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा स्थळांच्या विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला केला होता, पण त्याचा कायदा झालेला नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने जाहीर केलेली राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकं देशात तीसहून अधिक आहेत, पण त्या दर्जाच्या पाठीशी दंडाची तरतूद नाही. लोणारचं विवर बघा. बसाल्टमध्ये उल्काघाताने झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. त्याला प्रत्यक्ष आधार मिळतो तो अभयारण्य म्हणून आणि २०२० पासून रामसर या आंतरराष्ट्रीय कराराखालची पाणथळ जागा म्हणूनही. म्हणजे खडक वाचवायचा तर बऱ्याचदा झाडं, पक्षी, पाणी किंवा देऊळ यांच्या कायद्याचा हात धरावा लागतो. ते कुठे लागू होतात हे सातबारा, गाव नकाशा आणि वनखात्याचे नकाशे समोर ठेवल्याशिवाय समजत नाही. तलाठी कार्यालयात जायला लाजू नका.

खाणवाल्यांना शत्रू समजू नका, हेही इथेच सांगते. वाघोलीच्या दगडखाणीत मिळालेलं गर्द निळं कॅव्हनसाइट हे खनिज जगभरच्या संग्रहालयांत आहे. सुरुंग लागला नसता तर ते कुणाला दिसलंच नसतं. खाणीतल्या कामगारांना खनिजांची पोकळी लागली की काम थांबवून कळवायला सांगणं, एखादी बंद खाण भिंतीसकट राखून तिथे फलक लावणं, असे मार्ग असतात. बोलणी करावी लागतात आणि त्यात महिने जातात.

शिक्षणाचं थोडक्यात. फर्ग्युसन, वाडिया अशा महाविद्यालयांत भूशास्त्राची पदवी आणि पुढे विद्यापीठात एम.एस्सी., हा सरळ रस्ता. डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या बाजूने या विषयाकडे येता येतं. जुन्नर तालुक्यात बोरी इथे कुकडीकाठी सापडलेली ज्वालामुखी राख आणि अश्मयुगीन हत्यारं हा त्या अभ्यासाचा गाजलेला विषय आहे आणि त्यांच्या वयावरून संशोधकांत वर्षानुवर्षं वाद चालला आहे. भूगोल, वास्तुकला किंवा पर्यटन शिकलेल्यांनाही इथे जागा आहे. सरकारी नोकरी हवी असेल तर यूपीएससीची भूवैज्ञानिकांची परीक्षा द्या. केवळ भूवारशावर पूर्ण पगार देणाऱ्या जागा आज फार थोड्या आहेत. पहिली काही वर्षं भूजल, सल्लागार संस्था किंवा शिकवण्याची जोड ठेवावी लागेल, असं घरी स्पष्ट सांगून या.

काम मात्र वाढतं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये पाचगणी आणि महाबळेश्वर इथले दख्खनचे लाव्हा थर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आले. तिथून पुढे जायचं तर सीमा आखायच्या, मालकी तपासायची, गर्दीचं नियोजन मांडायचं. युनेस्कोचे जागतिक भूउद्यान म्हणजे जिओपार्क हा वेगळा मार्ग आहे आणि भारतात तो दर्जा अजून एकाही जागेला मिळालेला नाही.

क्षेत्रावर जाताना हातोडा पिशवीतच राहू द्या. वारसास्थळी भिंग, होकायंत्र, मोजपट्टी आणि कॅमेरा पुरतो. सुरुवात घराजवळून करा. वेताळ टेकडीवरची जुनी खाण, एखादा रस्त्याचा काप, तुमच्या गावचा ओढा. जागा एकच निवडा आणि तिच्यावर एक पान मराठीत लिहा. गट क्रमांक, मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो, डोळ्यांना काय दिसतं, ते कसं घडलं, जागा कोण कशासाठी वापरतं, धोका कशाचा आहे, एवढं त्यात असू द्या. पान लिहून झालं की गावातल्या दोन माणसांना वाचून दाखवा, जिथे ते अडतील तिथे वाक्य बदला, मग एक प्रत ग्रामपंचायतीत किंवा वॉर्ड ऑफिसात द्या आणि पोच घ्या.