येऊरचा चढ आणि कीटोचा पहिला महिना

कीटो, म्हणजे कार्ब (पिष्ट आणि साखर) अगदी कमी आणि चरबी जास्त असा आहार, सुरू केल्याच्या चौथ्या दिवशी ठाण्यातल्या येऊरच्या डोंगरवाटेवर पहिल्याच वळणाला मी मटकन खाली बसले. अकरा वर्षं दर रविवारी हा रस्ता चढतेय: उपवन तळ्याकडून निघायचं, वनखात्याच्या गेटातून वर जायचं, गावाशी वळायचं. त्या दिवशी पायांत शिसं ओतल्यासारखं झालं, छाती धडधडायला लागली आणि उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. कशीबशी घरी येऊन पंख्याखाली पडले. सासूबाईंनी ताकाचा पेला आणून दिला. म्हणाल्या, "नीट ढवळलं नाहीये गं, मीठ खाली बसलंय." तळाशी खडेमिठाचे चार-पाच खडे अजून विरघळायचे होते. बोटाने ढवळून सगळं प्यायले. अर्ध्या तासात अंधारी गेली, उभं राहता आलं.

माझी चूक तिथे कळली. पोळी-भात सोडताना मी मीठही कमी केलं होतं, कारण तब्येतीसाठी काही करायचं तर मीठ कमीच, हे डोक्यात पक्कं बसलेलं. कीटोच्या सुरुवातीला नेमकं उलटं लागतं.

त्याचं कारण असं. कार्ब दिवसाला ५० ग्रॅमच्या खाली आणले (बरेच जण २०-३० वर आणतात) की स्नायूंमधला आणि यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा उतरतो. हा साठा सगळा मिळून साधारण ४००-५०० ग्रॅम, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. साठा गेला की पाणीही जातं. पहिल्या आठवड्यात काट्यावर दीड-दोन किलो कमी दिसतात, ते बहुतेक हेच पाणी. त्यातच इन्सुलिन खाली येतं, आणि इन्सुलिन कमी झालं की मूत्रपिंडं सोडियम धरून ठेवत नाहीत, लघवीतून सोडून देतात. म्हणून डोकं दुखतं, उठल्यावर गरगरतं, रात्री पोटरीत गोळा येतो. अशा वेळी नुसतं साधं पाणी पीत राहिलात तर उरलंसुरलं सोडियम आणखी पातळ होतं. मी पहिले तीन दिवस तेच केलं होतं, दिवसाला चार लिटर.

पुढचं वाचण्याआधी एक गोष्ट. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर डोस न बदलता कार्ब तोडल्यास साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्यांवर असाल तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास असं झालं तर सरळ रुग्णालय गाठा. रक्तदाबाच्या गोळ्या, किडनीचा किंवा हृदयाचा आजार, गरोदरपण, अंगावर पाजणं, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ना कीटो, ना जास्तीचं मीठ. माझं बीपी आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आधी तपासलेलं होतं, म्हणूनच मी पुढचं सगळं करू शकले.

मोठ्या माणसांसाठीचा नेहमीचा सल्ला दिवसाला ५ ग्रॅम मिठाच्या आत राहण्याचा आहे. पहिल्या काही आठवड्यांत मी दीड चहाचा चमचा सपाट, म्हणजे साधारण ८-९ ग्रॅम घेत होते, जेवणातलं धरून. त्यातलं पाऊण चमचा स्वयंपाकात जायचं. उरलेलं दोन वेळा: सकाळी चालायला निघण्याआधी अर्धा तास पेलाभर गरम पाण्यात चिमूट-दोन चिमूट मीठ आणि लिंबू, आणि दुपारी चारला ताक. ताक पातळच हवं, कारण दह्यातही थोडे कार्ब असतात. बिनसाखरेची सोलकढीही चालते. शहाळं मात्र जपून. पेलाभर पाण्यात सहा-सात ग्रॅम साखर सहज असते. ओआरएसच्या लिटरमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, तेही लक्षात ठेवा. पोटॅशियमच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. पालक, मशरूम, मासे यांतून ते येतं. पोटरीतले गोळे थांबावेत म्हणून मी भोपळ्याच्या बिया मूठभर भाजून डब्यात ठेवते, मॅग्नेशियमसाठी.

थकव्याचं दुसरं कारण साधं आहे, पण बायकांमध्ये फार दिसतं: पोटभर न खाणं. पोळी गेली, भात गेला आणि त्या जागी काहीच आलं नाही. ताटात वांग्याचं भरीत तेवढं उरतं. मग थकवा येणारच. पोळी-भाताची जागा भरायला दोन अंडी, तळलेला बांगडा, पनीर, ओलं खोबरं, वर तूप घ्यायलाच हवं. चेंदणीच्या कोळीणमावशीकडून मी आता बांगडे घेते, सुरमईपेक्षा स्वस्त आणि तेलदार. संकष्टीला साबुदाणा, वरई, रताळं सगळंच कार्बचं. त्या दिवशी दही, काकडी, पनीर आणि चालायला सुट्टी.

आता चालणं. पहिले दोन आठवडे येऊर बंद, जिन्याचा व्यायाम बंद, जिममधले जड सेट बंद. पण घरी बसणंही नको. मी रोज उपवनच्या कडेने सपाट वीस-पंचवीस मिनिटं चालायचे, माझ्या नेहमीच्या निम्मं. चाल किती ठेवायची याची खूण म्हणजे बोलणं: शेजारणीला भाजीचा भाव सांगताना वाक्य मध्ये तुटता कामा नये. ठोके मोजणारं मनगटी घड्याळ असेल तर मिनिटाच्या ठोक्यांचा आकडा बघा. नेहमीच्या फेरीला माझा ११८ च्या आसपास राहायचा, पाचव्या दिवशी त्याच फेरीला १३४ झाला. तसं दिसलं की त्या दिवसापुरतं अर्ध्यावरून परत फिरायचं. सकाळी पलंगावरून उठताना गरगरलं तर आधी मीठ-लिंबाचं पाणी, तासाभराने पुन्हा बघायचं. तरी गरगरत असेल तर चालायला जायचंच नाही. छातीत दुखलं किंवा भोवळ येऊन पडलात तर त्याला कीटोचा थकवा म्हणून सोडू नका.

स्नायू टिकावेत म्हणून आठवड्यातून दोनदा खुर्चीला धरून उठाबशा आणि भिंतीला टेकून जोर. दहाऐवजी सहा, आणि मध्ये दोन मिनिटं थांबून. तिसऱ्या आठवड्यात मी पाच मिनिटं वाढवली आणि येऊरच्या गेटापर्यंत जाऊन परत फिरले. चौथ्यात पहिलं वळण. घाईने एकदा, बाराव्या दिवशी, वागळे इस्टेटमधल्या ऑफिसचे चार मजले लिफ्टऐवजी जिन्याने चढले, तर दुपारभर मांड्या थरथरत होत्या आणि संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर दोनदा थांबावं लागलं.

एवढा वेळ का लागतो? चरबीवर चालायला स्नायूंची आतली यंत्रणा बदलावी लागते, आणि ती दोन-चार दिवसांत बदलत नाही. अमेरिकी संशोधक स्टीफन फिनी यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाच सराईत सायकलपटू चार आठवडे २० ग्रॅमपेक्षा कमी कार्बवर राहिले. मध्यम जोरावर ते सरासरी आधीइतकाच वेळ सायकल चालवू शकले. त्यांना सोडियम-पोटॅशियम वरून दिलं होतं, हे सांगायचं अनेकजण विसरतात. आणि पाचही जणांचं सारखं झालं नाही. कुणाचा दम वाढला, कुणाचा घटला. म्हणून मैत्रिणीला दोन आठवड्यांत जमलं तर मलाही जमायला हवं, हा हिशेब लावू नका.

एक उणीव मात्र उरते. तेवढीच ऊर्जा मिळवायला चरबीला जास्त प्राणवायू लागतो, त्यामुळे जोरात पळणं, उभा चढ झपाझप चढणं यात कमी पडायला होतं. सातव्या आठवड्यात मी येऊरला गावापर्यंत गेले, घड्याळावर १२१, खिशात मिठाची पुडी, एकदाही बसले नाही. पण गावाआधीचा जो उभा चढ मी पूर्वी पळत चढायचे, तो चालत चढले. सहा-सात मिनिटं जास्त लागली. पुढच्या रविवारीही तिथे चालतच जाणार आहे.