‘तीन सुया झाल्या’ म्हणजे किती डोस? बाळंतिणीच्या घरी नोंद घेणाऱ्या पोरींसाठी

मी ३१ वर्षं आरोग्य सेविका होतो, बरीचशी वर्षं राधानगरी तालुक्यात. ‘होतो’ वाचून दचकू नका, मी बाईच आहे. आमच्या कोल्हापूरकडं बायकाही ‘मी आलो, मी गेलो’च म्हणतात. हे आधीच सांगतो, कारण फोनवरून बाळंतिणींची माहिती घेणाऱ्या बाहेरगावच्या एका मुलीनं ‘मी दवाखान्यात गेलतो’ एवढं ऐकलं आणि ‘माहिती नवऱ्यानं दिली’ असं लिहून टाकलं. अशा अकरा नोंदी निघाल्या.

आमचा भाचा गुळाच्या व्यापाऱ्यांसाठी काम करतो. कुठल्या गुऱ्हाळातली ढेप, कधी निघाली, कुठल्या अडत्याकडं गेली, हे सगळं तो ब्लॉकचेनवर, म्हणजे संगणकातल्या साखळीसारख्या एकमेकींना जोडलेल्या नोंदींत, ठेवतो. आता त्याला आणि नर्सिंगच्या काही पोरींना बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांतली देखभाल आणि बाळाच्या लसी यांचा अभ्यास त्याच पद्धतीनं करायचाय. मला म्हणाला, “आत्या, एकदा साखळीत गेलं की कुणाला गुपचूप बदलता येत नाही.” वहीच्या प्रत्येक पानावर मागच्या पानाची खूण असते, मागं एक अक्षर हललं तरी पुढच्या सगळ्या खुणा चुकतात, हे त्यानं मला समजावलं. मी विचारलं, “मग गुळात साखर मिसळलीय का, हे तुझ्या साखळीला कळतं का?” गप्प बसला. म्हणून हे लिहायला घेतलं. चूक उंबऱ्यावरच धरायची असते.

सगळ्यात मोठी चूक सुयांची. दीड महिन्याच्या, म्हणजे सहा आठवड्यांच्या बाळाला एकाच दिवशी तीन सुया बसतात: पेंटा (पाच रोगांची एकत्र लस) डाव्या मांडीत, पीसीव्ही (न्यूमोनियाची लस) उजव्या मांडीत आणि पोलिओची सुई उजव्या दंडात. शिवाय पोलिओचे थेंब आणि रोटा (जुलाबाची लस) तोंडातून. आई सांगते, “तीन सुया झाल्या.” तुम्ही लिहिता, पेंटाचे तीन डोस पूर्ण. झालं! अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस कागदावर आधीच देऊन मोकळे. मी स्वतः नोकरीच्या पहिल्याच वर्षी असाच घोळ केलाय. तेव्हा लसी वेगळ्या होत्या, घोळ हाच. म्हणून ‘किती सुया’ असं विचारूच नका. ‘लस द्यायला किती वेळा गेलात, आणि दर वेळी बाळ किती महिन्यांचं होतं’ असं विचारा. रविवारच्या पल्स पोलिओचे थेंब वेगळ्या रकान्यात. ते नेहमीच्या डोसात मिसळले की हिशोब कधीच लागत नाही.

तोंडी उत्तरावर थांबू नका, माता-बाल संरक्षण कार्ड मागा. बहुतेक घरांत ते ट्रंकेत, रेशनकार्डाच्या पिशवीत असतं. शोधायला वेळ लागतो, तो द्या. कार्ड बघून लिहिलेलं आणि आईनं सांगितलेलं यांसाठी दोन वेगळे रकाने ठेवा. कार्ड नसेल तर डाव्या दंडावर बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लशीचा, व्रण बघा. पण व्रण नाही म्हणून ‘बीसीजी नाही’ असं ठोकून देऊ नका, काही बाळांना तो उठतच नाही.

मग तारखा. सासू म्हणते, “मंगळवारी रात्री झाली बघा.” रात्री दोनला झाली असेल तर तो बुधवार. कावीळ-बी ची पहिली सुई जन्मल्यापासून २४ तासांत द्यायची असते, तिथं हा एक दिवस महागात पडतो. ‘पाडव्याच्या आदल्या दिवशी’ असं उत्तर आलं तर भिंतीवरचं कॅलेंडर काढायला लावा. दुधाच्या खुणांशेजारी बाळंतपणाचीही खूण सापडते. आणि कार्डावरचे आकडे नीट वाचा: देवनागरी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, देवनागरी चार इंग्रजी आठसारखा. संगणकावर भरणाऱ्याला १ तारखेची ९ करायला काही लागत नाही.

ओळखीचा गुंता मात्र डोकं खातो. पहिलं बाळंतपण माहेरी. माहेर आजऱ्याला, सासर शिरोळला. सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, मग दीड महिन्याचा डोस माहेरच्या गावात आणि साडेतीन महिन्यांचा सासरी. माहेरच्या वहीत ती जुन्या नावानं, सासरच्या वहीत नव्या. दोन बायका, दोन बाळं, दोघांचेही डोस अर्धवट! फोन नंबर नवऱ्याचा, तोही सहा महिन्यांत बदललेला. म्हणून दोन्ही नावं, दोन्ही गावं, बाळाचा जन्मदिवस आणि कार्डावरचा आरसीएच (सरकारी माता-बाल नोंदणीचा) क्रमांक, एवढं जुळवल्याशिवाय नवीन नोंद उघडू नका. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या खोपटांतही जा. त्या बायकांचं कार्ड बऱ्याचदा मराठवाड्यातल्या घरी राहिलेलं असतं. आपल्या वहीत ‘डोस दिला’ लिहून भागत नाही, गावी न्यायला तिच्या हातात चिठ्ठी द्या.

देखभालीचं विचारताना ‘आशा आली होती का’ एवढ्यावर थांबू नका. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. घरी झाली तर पहिल्या दिवशीही. सहाही भेटी एकाच पेनानं, एकाच दमात भरलेल्या दिसल्या तर मी आधी बाळाच्या वजनांकडं बघतो. वजनाच्या रकान्यात सगळीकडं ‘२.५००’ असेल तर समजा, काटा काढलाच नाही. अडीच किलोच्या खाली बाळ कमी वजनाचं धरतात, मग धावपळ वाढते, म्हणून हात आपोआप अडीचवर जातो. आशाला लगेच दोष देऊ नका, तिच्याकडं किती वह्या असतात ते एकदा मोजा.

अंगावरून जाणं, टाके, वास, छातीत गाठ हे प्रश्न सासूसमोर विचारले तर उत्तर ठरलेलं: “काही नाही हो, बरंय सगळं.” मी म्हणायचो, “आत्तीबाई, चहा टाका की जरा.” डिंकाचा लाडूही खायचा, तेवढीच पाच मिनिटं वाढतात. तेवढ्यात लोहाच्या गोळ्या विचारा. बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, पाकीट बघून मोजा. मनाचंही विचारा. त्यासाठी एडिनबरा नावाची दहा प्रश्नांची यादी १९८७ पासून आहे. तिच्यातला शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथं ‘हो’ आलं तर खूण करून पुढच्या घरी जायचं नाही. तिच्याजवळ बसा, विश्वासातलं माणूस आणि डॉक्टर गाठा, १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतीचा, नंबर लावून द्या. रक्तस्राव थांबत नसेल, झटके, ताप किंवा डोकं दुखून अंधारी येत असेल तर कागद बाजूला ठेवून १०८.

चूक दुरुस्त करायची आमची जुनी रीत सांगतो. व्हाइटनर नाही. चुकीवर एकच रेघ, जुनं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. भाचा हसला, त्याच्या साखळीतही जुनी नोंद तशीच राहते आणि दुरुस्तीची नवी जोडतात. पण मी त्याला एक बजावलंय: बाईचं नाव, गाव, मेलेलं जन्मलेलं बाळ, आजार यातलं काहीही साखळीत घालायचं नाही. ते कुलुपातल्या वहीत, साखळीत फक्त खूण. उद्या ती बाई म्हणाली, माझी माहिती पुसा, तर पुसता आली पाहिजे.

शेवटी शंभरातली दहा घरं दुसऱ्या मुलीनं, पहिलीचा कागद न बघता, पुन्हा करायची. जुळलं नाही तर पहिलीला ओरडू नका, आधी प्रश्न वाचून बघा. आमच्याकडं ‘ताप आला होता का’ याला दहाही जणी ‘नाही’ म्हणाल्या होत्या. दुसऱ्या मुलीनं ‘अंग कढत लागत होतं का’ असं विचारलं, तर चौघी ‘हो’ म्हणाल्या.