घरातील कचऱ्याचे वर्गीकरण कसे करावे

कचरा वेगळा करण्याची खरी वेळ एकच, ती म्हणजे वस्तू हातातून टाकण्याची. आमटीचे खरकटे आणि वर्तमानपत्र एकाच बादलीत पडले की थोड्याच वेळात कागद भिजतो, त्याची रद्दी म्हणून असलेली किंमत जाते आणि खरकट्यात प्लॅस्टिकचे तुकडे मिसळले असतील तर त्याचेही चांगले खत होत नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार प्रत्येक घराने ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन प्रकार उगमापाशीच वेगळे करणे बंधनकारक झाले.

आधी भांड्यांची सोय करावी. ओल्या कचऱ्यासाठी झाकण असलेली हिरवी बादली ओट्याजवळ ठेवावी. तिच्यात प्लॅस्टिकची पिशवी अंथरण्याऐवजी तळाशी वर्तमानपत्राची जाड घडी घातली की सुटणारे पाणी ती शोषून घेते. सुक्यासाठी निळा डबा किंवा मोठी पिशवी पुरते. घातक वस्तूंसाठी एक छोटा डबा मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवावा.

भाज्यांची देठे, साली, चहाचा चोथा, अंड्यांची टरफले, माशांचे काटे, शिळे अन्न आणि निर्माल्य हा ओला कचरा होय. आमटी-ताक निथळून टाकावे आणि हारातील दोरा व जरी आधी काढून घ्यावी. घरीच खत करायचे असल्यास प्रत्येक थरावर वाळलेला पालापाचोळा किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घालावे. दुर्गंधी सुटली तर ओलावा जास्त झाला आहे आणि आत हवा पोहोचत नाही असे समजून ढीग खालीवर करावा व कोरडे साहित्य वाढवावे.

सुका कचरा सुका असला तरच उपयोगाचा. दुधाच्या पिशवीचेच पाहा. आपण कोपरा कात्रीने संपूर्ण कापतो आणि तो नखाएवढा तुकडा कुठेतरी मोरीत किंवा ओल्या बादलीत जातो, तिथून तो कोणीही वेचू शकत नाही; म्हणून कोपऱ्याला नुसता छेद द्यावा, तुकडा पिशवीलाच राहू द्यावा, आणि रिकामी पिशवी विसळून नळावर उलटी वाळत घालावी. ज्या पाण्याने ती विसळली ते कुंडीत ओतले तरी चालते. कागद, पुठ्ठा, बाटल्या, पत्र्याचे डबे यांना भंगारात भाव मिळतो. आतून चंदेरी असलेली वेफर्सची पाकिटे मात्र अनेक थरांची असल्याने त्यांना सहसा कोणी विचारत नाही, तरीही ती सुक्यातच टाकावीत. तेलकट पुठ्ठा फाडून स्वच्छ भाग सुक्यात आणि माखलेला भाग ओल्यात टाकणे उत्तम.

सर्वांत जास्त हयगय होते ती सॅनिटरी पॅड आणि डायपरच्या बाबतीत. ते उघडे टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या हातात रक्त आणि मैला देणे, हे स्पष्टच म्हटले पाहिजे. पुण्यात ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली आणि २००८ पासून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था दारोदारी कचरा गोळा करते. तिथे वापरलेले पॅड आणि डायपर जुन्या वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून त्या पुडीवर लाल ठिपका काढण्याची पद्धत रुजवली गेली. ठिपका दिसला की कचरावेचक ताई ती न उघडता बाजूला ठेवतात. पेन घेऊन ठिपका काढायला दोन सेकंद लागतात. फुटलेली काचही अशीच जाड कागदात गुंडाळून, वर ‘काच’ असे लिहून, हातात वेगळी द्यावी.

वापरलेल्या बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधे, रंगाचे व कीटकनाशकाचे डबे, पाऱ्याचे थर्मामीटर आणि सीएफएल दिवे घातक डब्यात जमवून महापालिकेच्या संकलन केंद्रावर द्यावेत. सीएफएल दिव्यात अल्प प्रमाणात पारा असतो. दिवा फुटलाच तर खिडक्या उघडून काही वेळ खोलीबाहेर थांबावे आणि मग काचा झाडूने न ओढता पुठ्ठ्याने उचलाव्यात. जुने चार्जर, मोबाइल आणि इतर विजेच्या वस्तू ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे सोपवाव्यात. उरला राडारोडा: फुटलेल्या फरशा आणि विटा घंटागाडीत टाकू नयेत, त्यासाठी क्षेत्रीय कार्यालयात वेगळी नोंद करावी.